धर्माचं बीट घेतलंस म्हणून

पंचवटी, नाशिक

चि. सायलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

धर्माचं बीट, म्हणजे धर्मविषयक बातम्यांचं काम, तुझ्याकडे आल्याचं कळलं. ऑफिसात या बीटला फारसं कुणी मोजत नाही. प्रवचनांचे फोटो आणि सणांच्या पुरवण्या एवढाच त्याचा पसारा, असं सगळे धरून चालतात. पण जमीन, पैसा, कोर्टकज्जे आणि मानापमान इथे राजकारणाइतकेच आहेत, आणि फिरणं त्याहून जास्त. ते फिरणं वाया जाऊ नये म्हणून थोडं लिहितो.

तिकीट काढण्याआधी पंचांग उघडायचं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे दिल्लीच्या डेस्कवरून ‘श्रावण लागला, काहीतरी पाठव’ असा फोन येईल तेव्हा आपल्याकडे आषाढाचा वद्य पक्ष चालू असेल. त्र्यंबकला ब्रह्मगिरीच्या फेरीची खरी गर्दी तिसऱ्या श्रावणी सोमवारी असते. दिल्लीच्या हिशेबाने निघालीस तर पंधरा दिवस आधी पोचशील. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून पुढचे सगळे सण उशिरा; गणपती 14 सप्टेंबरला. हिजरी वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं, आणि ईद ठरते चंद्र दिसल्यावर. त्या रात्री दोन मजकूर तयार ठेवायचे.

सिंहस्थाचं, म्हणजे नाशिक-त्र्यंबकच्या कुंभमेळ्याचं, आत्ताच लिहून ठेव. ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026. अमृतस्नानाच्या पर्वण्या 2 ऑगस्ट आणि 31 ऑगस्ट 2027. तिसरी नाशिकला 11 सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरला 12 सप्टेंबरला. वैष्णवांच्या निर्मोही, दिगंबर आणि निर्वाणी या तीन अनी (साधूंचे आखाडे) नाशिकच्या रामकुंडावर स्नान करतात, बाकीचे दहा आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्तावर. ही वाटणी पेशवाईतल्या तंट्यानंतरची. बाहेरून येणारे वार्ताहर इथेच फसतात: रामकुंडाचा पास काढतात आणि भस्म फासलेल्या शैव नागा साधूंची वाट पाहत बसतात. पर्वणीच्या दिवशी नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर खासगी गाडी चालत नाही. दोन्हीकडची बातमी हवी असेल तर दोन माणसं माग आणि आदल्या रात्रीच मुक्कामाला धाड.

आता गर्दीचा आकडा. ‘एक कोटी भाविकांचं स्नान’ हे वाक्य कुणीतरी सांगतं आणि सगळे छापतात. तू गणित करायचं. उभ्या गर्दीसाठी जागेचं क्षेत्रफळ काढ. मोकळी गर्दी चौरस मीटरला एक माणूस, दाट असली तर दोन ते अडीच, अगदी खेटून चार. पाचाच्या वर गेली की माणसाचा आपल्या पावलांवर ताबा राहत नाही. तिथे आकडा सोडून बंदोबस्ताला सांग आणि स्वतः कडेला हो. सरकत्या गर्दीचं गणित निराळं. स्टेडियमच्या सुरक्षेसाठी ब्रिटनमध्ये जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात सपाट वाटेवर रुंदीच्या दर मीटरमागे मिनिटाला फार तर 82 माणसं धरली आहेत, पायऱ्यांवर 66. म्हणजे चार मीटरच्या गल्लीतून मिनिटाला 328, तासाला एकोणीस-वीस हजार, आणि बारा तास न थांबता वाहिली तरी दोन लाख छत्तीस हजार. अशा चार वाटा असल्या तर साडेनऊ लाख. घाटाकडे जाणाऱ्या वाटांची रुंदी आधीच टेपने मोजून ठेव. आयत्या वेळी पोलीस टेप उघडू देणार नाहीत. अधिकृत आकडा छापायचाच, पण ‘प्रशासनाच्या म्हणण्यानुसार’ असं लिहून, आणि तो कशावरून काढला ते विचारून. 27 ऑगस्ट 2003 ला, मागच्या एका सिंहस्थात, नाशिकच्या सरदार चौकाच्या उतारावर चेंगराचेंगरीत 39 जण गेले. गर्दी किती होती यापेक्षा ती कुठल्या गळ्यातून जात होती, हा तिथला प्रश्न होता. तेच गळे तू आधी चालून पाहा.

देवस्थानाची बातमी गाभाऱ्यापेक्षा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात लवकर सापडते. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेचा पीटीआर (नोंदवहीतला) क्रमांक मिळव, परिशिष्ट एकचा उतारा काढ. त्यात विश्वस्त आणि मालमत्ता असतात. मग ताळेबंद आणि जमाखर्च. ते आठव्या आणि नवव्या परिशिष्टाच्या नमुन्यात असतात. लागोपाठ तीन वर्षांचे शेजारी ठेवले की दानपेटीचा आकडा एकाएकी का हलला ते विचारता येतं. विश्वस्त बदलला तर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची सूचना, द्यावा लागतो. दोन गट भांडत असले की दोघांचेही रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून असतात, आणि दोन्हीकडचे ‘अध्यक्ष’ तुला मुलाखत देतात. उताऱ्यावर नाव नसलेल्याला अध्यक्ष म्हणायचं नाही, ‘दावा करणारे’ म्हणायचं. शिर्डीला हे लागू करू नकोस, त्या संस्थानाचा 2004 चा स्वतंत्र कायदा आहे. दर्ग्याच्या जमिनीसाठी वक्फ मंडळाकडे जावं लागतं.

भाषा शिक. 11 फेब्रुवारी 2013 ला पोप बेनेडिक्ट यांनी पद सोडत असल्याचं लॅटिनमध्ये सांगितलं. ते ऐकणाऱ्या वार्ताहरांत इटलीच्या आन्सा वृत्तसंस्थेच्या जोव्हान्ना किर्री यांना लॅटिन कळलं, आणि जगाला पहिली बातमी त्यांनी दिली. तुझ्या कामाला आधी मोडी आणि उर्दू येईल. लॅटिनचं पुढे पाहू. रोमला गेलीस तर व्हॅटिकनची कागदपत्रं छापण्याच्या वेळेच्या अटीवर आगाऊ मिळतात. ती वेळ मोडली की पास जातो, आणि तो पुन्हा मिळवायला फार जड जातं.

पायात नाडी नसलेली चप्पल, पिशवीत डोकं झाकायला ओढणी. जैन मंदिरात जायचं तर चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर, मांगीतुंगीलाही. गुरुद्वारात डोकं झाकलेलंच. नमाज पढणाऱ्याच्या समोरून जायचं नाही, फोटो मागून. नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेत प्रसाद मिळतो म्हणून मिस्साच्या (चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या) रांगेत उभी राहू नकोस. बाहेरच्याने बाकावर बसून राहावं. अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नाही, तिथे विनंती करण्यातही अर्थ नाही. दक्षिणा देऊ नकोस आणि नारळ-शालही घेऊ नकोस. हा नियम आपल्या लोकांपाशीच पाळायला सगळ्यात अवघड आहे, कारण नकार दिला की अपमान वाटतो. ‘ऑफिसचा नियम आहे’ म्हणावं, चालतं.

दंगलीच्या बातमीत जमाव कुठल्या धर्माचा ते कारणाशी जोडलेलं असेल तरच लिही. कलमं लिहिताना जुन्या दंड संहितेतलं 153 अ (गटांत तेढ पसरवणं) आता भारतीय न्याय संहितेत 196 आणि 295 अ (धार्मिक भावना दुखावणं) आता 299 आहे, हे लक्षात असू दे. 1 जुलै 2024 पासूनच्या गुन्ह्यांना नवी कलमं. काळारामाचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला, तेव्हाची वृत्तपत्रं वाचनालयात जाऊन वाच. प्रत्येक पत्राने कुणाला काय म्हटलंय ते नीट पाहा.

पहिली बायलाइन, म्हणजे तुझ्या नावाने छापलेली बातमी, निघाली की मजकूर पाठव. मथळा नको, तो डेस्कवर बदलतात.

तुझे बाबा