जीवाश्म शिकायचे तर तापीच्या गाळापासून

संपादक महाशय,

प्रवेशाचे दिवस आले की जळगाव-धुळ्याकडची काही मुले हमखास विचारतात, 'डायनासोरवर संशोधन करायचे आहे, कुठे शिकू?' त्यांना आधी हे सांगायला हवे की खान्देशातला काळा पाषाण लाव्हारसाचा आहे, त्यात हाडे मिळण्याची आशा फार थोडी. आपला ठेवा आहे तो त्या पाषाणावर साचलेल्या तापी, पूर्णा, गिरणेच्या गाळात. चाळीसगाव तालुक्यात पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि नक्षी कोरलेले तुकडे मिळाले. त्यांचे वय सुमारे २५ हजार वर्षे. अशा पुराव्यावरून तेव्हाचे गवत, पाऊस, जनावरे कशी होती ते ताडायचे, हेच पुराजीवशास्त्र.

वाट अशी आहे. बी.एस्सी.ला भूशास्त्र घ्यावे आणि जोडीला प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र. नुसत्या भूशास्त्राने थर वाचता येतो, पण हाडाचा सांधा कोणत्या प्राण्याचा ते कळत नाही. पुढे 'जॅम' या प्रवेशपरीक्षेचा भूशास्त्राचा पेपर देऊन एम.एस्सी., मग नेट ही पात्रता परीक्षा. संशोधनासाठी लखनौची बिरबल साहनी संस्था आहे, पुण्यात आघारकर संस्था आणि डेक्कन कॉलेज आहे.

पण सुरुवातीचे काम इथेच, थोड्या खर्चात होते. नदीकाठच्या उभ्या दरडीतून थराथराने अर्धा-अर्धा किलो माती घ्यावी. प्रत्येक पिशवीवर जागा, थर आणि वरून किती खोल, हे जागेवरच लिहावे. माती पूर्ण वाळवूनच पाण्यात घालावी. इथे बहुतेकांची चूक होते: ओलसर चिकणमाती कितीही भिजवली तरी गोळे राहतात, कडक वाळलेली मात्र पाणी लागताच आपोआप फुटते. दिवसभर भिजल्यावर ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर बारीक धारेखाली धुवावी. बोटाने रगडू नये, नाहीतर गोगलगायींच्या पिल्लांची आणि ऑस्ट्राकोड या सूक्ष्म जलचरांची नाजूक कवचे तिथेच चुरतात. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी मिथिलीन ब्लूमध्ये बुडवावी. आधीचे एखादे कवच जाळीत अडकले असेल तर ते निळे होते आणि पुढच्या नमुन्यात लगेच ओळखू येते. उरलेला गाळ वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ००० नंबरच्या ब्रशने कवचे वेचावीत.

परागकणांचे काम मात्र घरी करू नये, कारण त्यातले हायड्रोफ्लोरिक ॲसिड जिवावर बेतू शकते. त्याला प्रयोगशाळेतले, विषारी वाफा ओढून घेणारे धूरकपाट हवेच. तिथेही जुन्या थरात गाजरगवताचे पराग दिसले तर नमुना दूषित झाला असे समजावे, कारण ते गवत आपल्याकडे विसाव्या शतकात आले.

शेतकऱ्यांनी आणलेली 'हाडे' पुष्कळदा चुनखडीची असतात. झाडाच्या मुळाभोवती चुना साचून लांब नळी तयार होते, ती हुबेहूब पायाच्या हाडासारखी दिसते. तुटलेल्या कडेला भिंगाने पाहावे. हाडात जाळीदार पोकळ्या दिसतात, चुनखडीत नाही. शहामृगाच्या अंड्याच्या कवचावरचा चुना काढायला ॲसिड लावू नये, कवचही कॅल्शियम कार्बोनेटचेच असल्याने तेही विरघळते. सुईने, हळूहळू काढावा. खरे हाड भुसभुशीत निघाले तर त्यावर फेव्हिकॉल ओतू नये, तो पुढे सुटत नाही. आधी ओला टिश्यू पेपर, त्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या. टिश्यू विसरला तर प्लास्टर हाडाला धरते आणि काढताना हाडाचा पापुद्राच निघून येतो.

खरी अडचण नमुने ठेवण्याची आहे. नोंदणी क्रमांक असलेल्या सार्वजनिक संग्रहात नमुना नसेल, तर त्यावरचा निबंध चांगली नियतकालिके घेत नाहीत. वाळूच्या ढिगात मिळालेले हाड कुठल्या थरातून वाहून आले ते कळत नाही, म्हणून त्याचे वयही सांगता येत नाही. आणि जेसीबीने दरडी सपाट होत आहेत तसतसे थरच नाहीसे होत आहेत. खान्देशातल्या विद्यापीठाने आणि भूशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी मिळून एक खोली, कुलूपबंद कपाटे आणि एक नोंदवही एवढे तरी या वर्षी सुरू करावे. विहिरीत किंवा दरडीत काही दिसले तर ते न उपटता फोटो आणि खोली कळवायला शेतकऱ्यांना एक फोन नंबर द्यावा.

— जीवाश्मांचा एक अभ्यासक, जळगाव