थवा उठवण्याचे पैसे बंद व्हावेत

मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या काठांना थंडीत कॅमेरेवाल्यांची झुंबड उडते. होडी रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांच्या थव्यावर सरळ नेली जाते, इंजिन चालू ठेवून. थवा उठतो, कॅमेरे कडकडतात, नावाड्याला वरचे पैसे मिळतात. यात नावाड्याला बोल लावू नये, मागणी आम्हा छायाचित्रकारांचीच असते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधल्या ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला हाकणेही येते, हे मात्र दोघांनाही कुणी सांगत नाही.

रोहित जागच्या जागी उडू शकत नाही, आधी पाण्यावर धावून वेग घ्यावा लागतो. उथळ गाळात चोच उलटी धरून अन्न गाळून घेणारा हा पक्षी सकाळभरात चार वेळा उठवला, तर खायचा कधी? पट्टकादंब हंसांना तर परतताना हिमालय ओलांडायचा असतो. त्यासाठी साठवलेली चरबी इथेच जळते.

बरे, जवळ जायची गरजही नाही. फुल-फ्रेम कॅमेरा आडवा धरला, तर ६०० मिमी लेन्समध्ये ६० मीटरवरचा सव्वा मीटर उंचीचा रोहित चौकटीची निम्मी उंची व्यापतो. फोटो बिघडतो तो इंजिनच्या थरथरीने आणि सकाळी दहानंतर पाण्यावर उठणाऱ्या उष्ण हवेच्या लहरींनी. होडीत तिपाई कुचकामी, ती थरथर थेट कॅमेऱ्यात पोचवते. इंजिन बंद, लेन्स हातात, शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि पांढरी पिसे फटफटू नयेत म्हणून एक्स्पोजर थोडे उणे. पक्षी वारा येतो त्या दिशेला तोंड करून उठतात, म्हणून वारा आणि ऊन दोन्ही पाठीशी घेऊन थांबले, की आपणहून उठलेला थवाही समोरूनच येतो.

म्हणून विनंती अशी, की थव्यापासून शंभर मीटरवर इंजिन बंद, पुढे बांबूने किंवा वल्ह्याने, तेही तिरके, आणि ६० मीटरवर थांबायचे. माना एकदम ताठ झाल्या किंवा पक्षी एकाच दिशेला चालू लागले, तर त्याआधीच. होडीभाडे तासावर ठरवून दरफलक धक्क्यावर लावावा, म्हणजे ‘उडवून दाखवण्या’चा वेगळा भाव उरणार नाही. ड्रोनला सरसकट मनाई हवी. लाइफ जॅकेटशिवाय होडी सुटू नये; मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी मार्गावर होडी उलटून सहा जण बुडाले, तेही याच पाण्यात.

धरण जलसंपदा खात्याचे आहे, तेव्हा त्यांच्याशी एक बैठकही लागेल. पाणी उतरून गाळ उघडा पडल्याशिवाय रोहित काठाला येत नाहीत. विसर्गाचे वेळापत्रक आधी कळले, तर होड्यांचे मार्गही त्याप्रमाणे आखता येतील.

आपले,
भीमाकाठी फोटो काढणारे काही पक्षीछायाचित्रकार