नावे झाकली तर मस्टर तपासायचे कसे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खासगीपणाशी माझे वैर नाही, हे आधीच सांगतो. पेन्शनरांच्या याद्या खाते क्रमांकासकट भिंतीवर डकवलेल्या मी पाहिल्या आहेत; ते बंद व्हायलाच हवे. पण खासगीपणाच्या नावाखाली सध्या जे चालले आहे, ते ऑडिटमध्ये उमर घालवलेल्या माणसाला पचत नाही.

आमच्या गल्लीतल्या नालीच्या कामाचे मस्टर, म्हणजे मजुरांचे हजेरीपत्रक, माहिती अधिकारात मागितले. उत्तर आले की मजुरांची नावे ही वैयक्तिक माहिती, देता येत नाही. नावे काढल्यावर उरतात हजेरीचे आकडे, आणि आकडे चोराचेही जुळतात. त्याचे तर जरा जास्तच जुळतात. मेलेला माणूस फावडे चालवतोय, सुरतेला गेलेला इथे अंगठा उठवतोय, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना नाव ऐकल्यावरच कळते. 1994 मध्ये राजस्थानातल्या कोटकिराना गावी जनसुनवाईत सरकारी नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या, तेव्हा हेच झाले. माहिती अधिकाराच्या मागणीने जोर धरला तो तिथून.

2005 च्या माहिती अधिकार कायद्यातले, वैयक्तिक माहिती नाकारण्याचे कलम 8(1)(जे) आंधळे नव्हते. माहितीचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, ती दिल्याने खासगी आयुष्यावर विनाकारण घाला येतो का, हे अधिकाऱ्याला पाहावे लागे. संसदेला नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारायचे नाही, अशी पुस्तीही होती. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने हे सारे गाळले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये ती दुरुस्ती लागू झाली. लोकहितासाठी माहिती देण्याचे, त्याच माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(2) शिल्लक आहे, असे सरकार सांगते. आहे खरे, पण ते वापरण्याची जोखीम कोणता कनिष्ठ अधिकारी घेणार? खाते क्रमांक, आधार, मोबाइल खोडून बाकीचे देण्याची सोय तर कलम 10 मध्ये पहिल्यापासूनच आहे. मी अपिलात तेवढेच मागितले आहे.

तुम्हा पत्रकारांचे आणखी अवघड. न्या. श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये दिलेल्या डेटा संरक्षण कायद्याच्या मसुद्यात पत्रकारितेला सूट होती. मंजूर कायद्यात ती नाही, दंड मात्र 250 कोटींपर्यंत. मोठी वृत्तपत्रे वकील नेमतील. तालुक्याचा वार्ताहर ठेकेदाराचे नाव गाळूनच बातमी देईल. ती सूट आणि जुने कलम दोन्ही परत आणावे, ही मागणी आपल्या पत्राने लावून धरावी.

आपला,
एक निवृत्त लेखापरीक्षक
लष्कर, ग्वाल्हेर