गोव्यातल्या आश्व्याच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणाऱ्या दादांना, जालन्याच्या तरुण संघाकडून

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

आमच्या चर्चच्या मंडळीची चोवीस मुलंमुली समुद्रात उतरली आणि चोवीसही धडधाकट घरी आली. पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत त्याबद्दल देवाचे उपकार मानले. तुमचे आभार मानायचे राहिले होते, म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण बीड-परभणीकडच्या मंडळ्याही आता तरुणांना सर्फिंगला, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवरून घसरायला, न्यायचं म्हणताहेत. तुम्ही आम्हाला जे शिकवलं ते त्यांच्याही उपयोगी पडावं.

पहिला आभार फोनवरच्या प्रश्नाचा. मुलांना पोहता येतं असं आम्ही सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "कुठं शिकली?" आमच्याकडं पोरं शिकतात ती विहिरीत नाहीतर शेततळ्यात, पाठीला रिकामा कॅन बांधून. ते ऐकून तुम्ही सांगितलंत की न पोहणाऱ्यापेक्षा या पोरांकडं जास्त लक्ष ठेवावं लागेल. कारण साधं आहे. विहिरीचं पाणी खोल आणि थांबलेलं. नवशिक्याच्या सर्फिंगचं पाणी कमरेएवढं आणि सतत चालतं. विहिरीत कठड्यावरून मुटका मारायची, सूर मारायची सवय असते. कमरेएवढ्या पाण्यात तसाच सूर मारला तर डोकं वाळूवर आपटतं आणि मानेला कायमची इजा होऊ शकते. दुसरी सवय काठाकडं सरळ पोहत सुटायची. विहिरीत काठ दहा हातांवर असतो. समुद्राच्या ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडं पोहला तर जागच्या जागी दमतो, आणि दमलेला माणूस बुडतो.

म्हणून तुम्ही निघण्याआधी तरणतलावात परीक्षा घ्यायला लावली: न थांबता पन्नास मीटर पोहणं, उताणं होऊन दोन मिनिटं नुसतं तरंगणं, आणि पाण्यात मान खाली घालून शांतपणे श्वास सोडणं. तरंगणं सगळ्यांना सोपं वाटतं आणि तिथंच निम्मी मुलं अडकतात, कारण हातपाय मारायचे थांबवले की जीव घाबरतो. ज्यांना जमलं नाही त्यांना तुम्ही घरी ठेवायला सांगितलं नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात, एकाला एक माणूस, असा त्यांचा गट वेगळा काढलात.

चर्चच्या आवारातला सरावही तुमचाच. फरशीवर खडूनं आठ फूट लांब आणि बावीस इंच रुंद बोर्ड, म्हणजे सर्फिंगची फळी, काढायचा, त्यावर सतरंजी टाकायची. आधी मुलाला डोळे मिटून उभं करायचं आणि पाठीमागून हलकेच ढकलायचं. जो पाय आपोआप पुढं पडतो तो पुढचा, उरलेला मागचा. लीश, म्हणजे बोर्ड पायाला जोडून ठेवणारी दोरी, बांधायची ती मागच्या पायाला. मग पालथं झोपून तळहात बरगड्यांशेजारी टेकवायचे. हात बोर्डाच्या कडा धरून असतील तर उठताना बोर्ड एका बाजूला कलतो, म्हणून कडा धरायच्या नाहीत. छाती उचलायची, मागचा पाय आडवा टेकवायचा, पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणायचा, गुडघे वाकलेले, नजर समोर. पायाकडं पाहिलं की माणूस पडतो, हे फरशीवर पटत नाही आणि पाण्यात पहिल्याच लाटेला पटतं. रोज संध्याकाळी वीस वेळा हे केलेल्या मुलांना किनाऱ्यावर नव्यानं काही शिकवावं लागलं नाही. जे गटाबरोबर जाणार आहेत त्यांनी हा सराव टाळू नये, कारण पाण्यातला वेळ फार थोडा मिळतो.

तारखेचा घोळही तुम्हीच सोडवलात. आमच्या डोक्यात सुट्ट्या होत्या, तुम्ही आधी तिथी विचारलीत. मुंबईच्या बाजूला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, त्याआधी सव्वासहा तासांनी म्हणजे पावणेनऊच्या सुमारास ओहोटी. गोव्याकडं वेळ थोडी अलीकडं येते, म्हणून हा हिशेब फक्त दिवस निवडायला; घड्याळ लावायचं ते भरतीच्या छापील तक्त्यावरून. चतुर्थी-पंचमीला पुनवेचं किंवा अवसेचं उधाण ओसरू लागलेलं असतं आणि सकाळी आठनंतर पाणी हळूहळू चढत राहतं. चढतं पाणी नवशिक्याला किनाऱ्याकडं आणतं, उतरतं पाणी बाहेर ओढतं. शिवाय सकाळी जमिनीवरून मतलई वारा वाहतो, त्यामुळं लाट नीट उभी राहते. अकराच्या पुढं खारा वारा सुटला की पाणी चुरगळतं आणि नवशिक्याच्या हाती फेसाशिवाय काही लागत नाही. जून ते सप्टेंबर तर विषयच नको. पावसाळी समुद्र शिकणाऱ्याचा नाही.

रविवारची उपासना चुकू नये म्हणून आम्ही सोमवारी रात्री निघून मंगळवारी दुपारी पोचायचं ठरवलं होतं. पोचल्या पोचल्या मुलांना पाण्यात घ्यावं ही आमची विनंती तुम्ही मोडून काढलीत. जालन्याहून कोल्हापूर, आजरा, आंबोली घाट आणि सावंतवाडीमार्गे गोव्यातल्या पेडण्यात उतरणं म्हणजे सहाशेच्या वर किलोमीटर. रात्रभर बसलेल्या पोराचे पाय जड झालेले असतात, आणि घाटात उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या अॅव्होमिनच्या गोळीची गुंगी दुपारपर्यंत उतरत नाही. ती दुपार झोपेत आणि जेवणात गेली, संध्याकाळी फक्त वाळूवरचा सराव झाला. एक मुक्काम खर्चाला जड वाटतो, पण तो काटायचा नसतो. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी प्रवासासाठी; पाण्यात उतरायच्या आधी दोन केळी आणि पाणी, एवढंच.

आता त्या सोडणाबद्दल, म्हणजे नारळावरच्या काथ्याच्या सालीबद्दल. बुधवारी सकाळी सगळे ओळीत उभे असताना तुम्ही नारळाचं एक सोडण उचललंत आणि विचारलंत, "यातली सुरक्षित जागा कुठली?" मुलांनी डावीकडं बोट दाखवलं. तिथं लाटा फुटत नव्हत्या, पाणी गडद आणि शांत दिसत होतं. तुम्ही सोडण तिथं फेकलंत. ते जरा वेळ जागेवर डुललं, मग सरळ समुद्राकडं निघालं, आणि दोन्ही बाजूंना फुटणाऱ्या लाटांच्या मधून पार बाहेर गेलं. कुणी काही बोललं नाही. मग तुम्ही सांगितलंत: लाटांनी किनाऱ्याला आणलेलं पाणी परत जायला जी वाट शोधतं ती ही, आणि लाटा न फुटणं हीच तिची खूण. सापडलात तर बोर्ड सोडू नका, तो तुमचा तराफा आहे. किनाऱ्याला समांतर हात मारा, ओढीची पट्टी संपली की लाटाच तुम्हाला आत आणतील. जमत नसेल तर बोर्डावर पडून एक हात वर करा. ओढ या विषयावर तासभर बोलूनही आम्हाला हे इतकं समजावता आलं नसतं. आमची विनंती आहे की प्रत्येक गटाला हे दाखवाच.

जीवरक्षक ड्यूटीवर आल्याशिवाय पाण्याला पाय लावायचा नाही आणि लाल-पिवळ्या झेंड्यांबाबत ते सांगतील तो शेवटचा शब्द, हेही तुम्ही पाळून घेतलंत.

पाण्यात एका वेळी आठ मुलं, दोन शिकवणारे, म्हणजे एकाकडं चार. बाकीची सोळा किनाऱ्यावर, आणि त्यातल्या प्रत्येकाला आतल्या एकाचं नाव वाटून दिलेलं. नजर त्याच्यावरून हलवायची नाही. दर दहा मिनिटांनी शिट्टी, सगळ्यांचे हात वर, मोजणी. पाऊण तासाची एक पाळी. त्याहून जास्त नको, कारण चुका दमल्यावर होतात.

बोर्ड सगळे मऊ फोमचे, आठ ते नऊ फुटी. फोमवर तुम्ही रंगीत चिकटपट्टी लावली होती: मुलाची हनुवटी पट्टीवर आणि पायाची बोटं शेपटाला टेकलेली. या एका पट्टीनं निम्म्या चुका वाचतात. माणूस पुढं सरकून झोपला की नाक पाण्यात घुसतं आणि बोर्ड त्याला पुढं फेकतो. मागं सरकला की बोर्ड नांगर टाकल्यासारखा थांबतो आणि लाट खालून निघून जाते. लीश बांधण्याआधी वेल्क्रो पाण्यात खळबळून घ्यायचं, कारण वाळू अडकलेलं वेल्क्रो ऐन वेळी सुटतं, आणि दोरी पायाच्या बाहेरच्या अंगाला ठेवायची म्हणजे पायात गुंतत नाही. आत जाताना बोर्ड कुशीला धरायचा, त्याचं नाक लाटेकडं. लाट आणि आपलं अंग यांच्यामध्ये बोर्ड आडवा आला की तो पोटात किंवा दातांवर बसतो. किनाऱ्यावरच्या बऱ्याच जखमा अशाच होतात. पडायचं ते बोर्डापासून बाजूला, आडवं आणि चपटं. वर येताना आधी दोन्ही हातांनी डोकं झाकायचं, मग डोळे उघडायचे.

दादा, मुलींच्या बाबतीत तुम्ही जे केलंत त्यासाठी आमच्या मंडळीतल्या आया तुमच्या ऋणी आहेत. पाण्यात बाई शिकवणारी असेल, असं तुम्ही आधीच कळवलंत. लाटेवर सोडताना हात बोर्डाच्या शेपटाला लावायचा, अंगाला नाही, हा नियम मुलामुलींना सारखाच होता. पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा घट्ट टी-शर्ट आणि लेगिंग्ज चालतील, सुती कपडे नकोत, कारण ते पाणी पिऊन जड होतात आणि अंग घासतात, हेही स्पष्ट सांगितलंत. बांगड्या, गळ्यातली साखळी, क्रूस सगळं किनाऱ्यावर. एवढं कळल्यावर घरोघरची परवानगी मिळवणं सोपं झालं.

परवानगीच्या अर्जात तुम्ही सांगितलेले रकाने इतरांनीही घ्यावेत: रक्तगट, दमा, फिट, हृदयाचा त्रास, कानाच्या पडद्याला भोक, चालू औषधं. फिट येणाऱ्या मुलाला पाण्यात घ्यायचं नाही, कितीही हट्ट केला तरी. दम्याचा पंप झिपच्या पिशवीत, किनाऱ्यावरच्या माणसाच्या खिशात. जेलीफिश लागला तर समुद्राच्याच पाण्यानं धुवायचं, वाळूनं चोळायचं नाही, चिकटलेले धागे चिमट्यानं काढायचे आणि मग सोसवेल इतक्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवायचं. श्वास लागला तर थेट दवाखाना. ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात, पाळी संपली की प्रत्येकाला ग्लासभर. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात घाम लगेच वाळतो. किनाऱ्यावर तो वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि पोरं पाण्यात असल्यामुळं आपल्याला तहान लागली आहे हे त्यांना कळत नाही.

शेकोटीबद्दलही आभार. वाळूवर शेकोटी आणि भजनं असा आमचा बेत होता. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, उजेडानं ती बिचकतात आणि पिल्लं समुद्र सोडून दिव्याकडं जातात, हे तुम्ही समजावलंत आणि तुमच्या घरामागचं अंगण दिलंत. तिथं चुलीच्या निखाऱ्यांवर बांगडे भाजता भाजता योहानाच्या शुभवर्तमानातला एकविसावा अध्याय वाचला. किनाऱ्यावर निखारे, त्यावर मासळी आणि रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हातानं आलेले शिष्य. हा अध्याय मुलांनी शब्बाथ शाळेत अनेकदा ऐकलेला आहे, पण त्या रात्री एकानंही मध्ये हालचाल केली नाही.

तुमच्या दोन शिट्ट्या आणि एक रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट) आमच्या सामानात आलं आहे, ते धुऊन कुरिअर केलं आहे. सोबत बीडची शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ. दिवाळीनंतर अंबड आणि बदनापूरकडची मुलं घेऊन यायचा विचार आहे. यावेळी सोळाच असतील. कार्तिकातली चतुर्थी किंवा पंचमी, सोमवारी रात्री निघता येईल अशी, तुम्हाला कुठली सोयीची ते कळवा. तरणतलावाची परीक्षा आम्ही त्याआधी महिनाभर उरकून ठेवतो आणि यादी पाठवतो, म्हणजे गुडघ्याएवढ्या पाण्यातल्या गटासाठी किती माणसं लागतील हे तुम्हाला ठरवता येईल.

तुमचे,
तरुण संघाचे जबाबदार आणि पालक
जालना