पुसटपणा हा दोष नव्हे

‘जास्त फ्रेम, जास्त खरा सिनेमा’ हा रविवारच्या पुरवणीतील लेख वाचला. सेकंदाला जितक्या जास्त फ्रेम, म्हणजे स्थिर चित्रे, तितका सिनेमा खरा वाटतो, हा त्याचा निष्कर्ष पटला नाही. सेकंदाला २४ फ्रेमचा दर बोलपटांच्या काळात ध्वनीच्या गरजेपोटी रूढ झाला, हे खरे. पण या दरात प्रत्येक फ्रेमवर साधारण १/४८ सेकंद प्रकाश पडतो, त्यामुळे हलणारा हात किंचित पुसट उमटतो. पडद्यावरच्या हालचालीची ओळखीची लय त्यातूनच येते. २०१२ मध्ये ‘द हॉबिट’ हा चित्रपट सेकंदाला ४८ फ्रेमने दाखवला गेला, तेव्हा रंगभूषा आणि सेट उघडे पडल्याची तक्रार अनेक समीक्षकांनी केली. क्रिकेटचा चेंडू लख्ख दिसायलाच हवा. कथेतल्या माणसाचे तसे नाही. माझ्या टीव्हीतली मोशन स्मूदिंगची, म्हणजे मधल्या फ्रेम स्वतःच तयार करून हालचाल गुळगुळीत करणारी, सोय मी पहिल्याच दिवशी बंद केली, कारण जुना चित्रपटही दैनंदिन मालिकेसारखा दिसू लागला होता.

– एक प्रेक्षक