डॉ. बेंजामिन मेज यांना, वर्ध्याहून

आदरणीय डॉ. मेज यांस,

वर्धा जिल्ह्यातल्या एका लहानशा मंडळीच्या पाळकाचा सप्रेम सलाम.

तुम्हाला जाऊन चार दशकं होऊन गेली. तरी हे पत्र तुमच्याच नावानं लिहितोय, आणि उघडं लिहितोय, कारण इथल्या पाळकांनी, पंचांनी आणि नुकत्याच उपदेश करू लागलेल्या तरुणांनीही ते वाचावं अशी माझी फार इच्छा आहे. मार्टिन ल्यूथर किंग हे नाव आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण ज्यांच्याकडे पाहून किंगांना उपदेशक व्हावंसं वाटलं, ते बॅप्टिस्ट उपदेशक आणि अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष डॉ. मेज कोण, असं मंडळीत विचारलं तर एखादाच हात वर होईल. याची मला खंत वाटते.

सगळ्यांत आधी आभार मानायचे आहेत ते १९५६च्या फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळचे.

बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध किंगांच्या पुढाकारानं मॉन्टगोमेरी शहरात बसगाड्यांवर घातलेला बहिष्कार तेव्हा तिसऱ्या महिन्यात होता. ३० जानेवारीला किंगांच्या घरावर बाँब पडला, तेव्हा घरात त्यांची पत्नी आणि तान्ही मुलगी होती. फेब्रुवारीत ते व्याख्यानांसाठी नॅशव्हिलला गेले आणि मागे ग्रँड ज्युरीनं, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळानं, बहिष्काराच्या पुढाऱ्यांवर आरोप ठेवले, धरपकड सुरू झाली. आता मॉन्टगोमेरीला परतायचं म्हणजे सरळ अटकच. वाटेत अटलांटाला वडिलांचं घर. वडील स्वतः एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चचे पाळक, शहरात शब्दाला मान असलेले. त्यांनी जिव्हाळ्याच्या माणसांना घरी बोलावून घेतलं. वकील आले, वृत्तपत्राचे संपादक आले, विद्यापीठाचे अध्यक्ष आले, तुम्ही आलात. बापाचं म्हणणं एकच, पोरानं परत जाऊ नये. जमलेल्यांतल्या काहींनी होकार भरला. २७ वर्षांचा तो मुलगा म्हणाला, दहा वर्षं तुरुंगात काढीन, पण आपल्या माणसांना अशा वेळी सोडणार नाही. खोलीत कुणी बोलेना. बापाला रडू फुटलं. तेव्हा मुलानं तुमच्याकडे पाहिलं, आणि तुम्ही बोललात, त्याच्या बाजूनं, ठामपणे. मग बाकीचेही एकेक करून त्याच्याकडे वळले. दुसऱ्या दिवशी तोच बाप मुलाच्या सोबतीनं मॉन्टगोमेरीला गेला. ही हकीकत किंगांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. मनातली विनवणी तुम्हाला न बोलता कळली असावी, असं ते म्हणतात.

त्या घरात जमलेलं कुणीही भित्रं नव्हतं की वाईट नव्हतं. सगळे मायेपोटी अडवत होते. आणि मायेनं अडवणाऱ्यांपुढे दुसरं मत मांडायला किती जड जातं, हे कुठल्याही पाळकाला विचारा.

आमच्या मंडळीतला एक तरुण धर्मशिक्षण पुरं करून आला. त्याच्यासाठी पगाराची जागा ठरल्यातच जमा होती. त्यानं मात्र वीटभट्टीवरच्या कामगारांमध्ये जाऊन राहायचं ठरवलं. त्यांची पोरं शिकवायची, संध्याकाळी त्यांच्यातच बसून प्रार्थना चालवायची. घरात रडारड झाली. पंचांची बैठक बोलावली, तर त्याची आई स्वतः बैठकीला आली. देवाला जे देतो त्या वर्गणीच्या वहीवर हात ठेवून म्हणाली, "यात माझ्या लेकाचं नाव पगारानिशी लिहा, मगच मी उठते." तिनं विधवापणात तीन लेकरं वाढवलेली. तिला कोण काय बोलणार? पंच खाली बघत बसले. तो पोरगा माझ्याकडे बघत होता. डॉ. मेज, त्या क्षणी तुमची अटलांटातली ती संध्याकाळ माझ्या डोळ्यांपुढे नसती, तर मला वाचा फुटली असती की नाही, देव जाणे. मी त्याच्या बाजूनं बोललो. आईशी नंतर वेगळं बसून बोललो, प्रार्थना केली. तो आज भट्टीवर आहे. पावसाळ्यात भट्ट्या बंद पडतात, कुटुंबं आपापल्या गावी परततात, पोरांची शाळा तुटते. तेव्हा हा त्यांच्या मागोमाग त्यांच्या गावाला जातो. आई आता त्याच्यासोबत पोरांसाठी डाळ-तांदूळ पाठवते. यासाठी तुमचे आभार.

पण त्या एका संध्याकाळपुरतेच आभार मानले तर ते अपुरे राहतील. तुमच्या शब्दाला त्या खोलीत जे वजन होतं ते आदल्या बारा वर्षांनी आलेलं होतं. किंग १९४४ साली मोअरहाउसला आले तेव्हा अवघे १५ वर्षांचे होते. दुसऱ्या महायुद्धात मुलं सैन्यात गेली, कॉलेज ओस पडायला लागलं, तेव्हा तुम्ही शाळा पुरती न संपवलेल्या हुशार मुलांनाही दारं उघडली. म्हणून तो मुलगा तुमच्या हाती लागला. दर मंगळवारी सकाळी चॅपलमध्ये तुम्ही बोलायचे. ते संपल्यावर हा पोरगा तुम्हाला गाठायचा आणि तुमच्याच मुद्द्यांवर तुमच्याशी वाद घालायचा. कॉलेजचा अध्यक्ष, वयानं पन्नाशीतला, आणि पोरसवदा विद्यार्थी म्हणतोय की तुमचं हे मला पटत नाही! तुम्ही त्याला थांबून उत्तरं दिलीत. आमच्याकडे उपासना संपल्यावर पाळकाशी हस्तांदोलन होतं, "संदेश छान झाला" म्हटलं जातं, आणि सगळे घरी. तरुणाला पाळकाशी वाद घालायची मुभा असावी, इतकंच नव्हे तर पाळकानं त्याची वाट पाहावी, हे मी तुमच्याकडून घेतलं.

उपदेशक घडवणं हे तुमच्यासाठी नुसतं मायेचं काम नव्हतं. तुम्ही आधी दुखणं मोजलंत. १९३३ साली जोसेफ निकोल्सन यांच्याबरोबर तुम्ही अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय चर्चचा अभ्यास प्रसिद्ध केलात: शहरांतली ६०९ आणि खेड्यांतली १८५ चर्चेस. पाळकांचं तुटपुंजं शिक्षण, कर्जात बुडालेल्या इमारती, एकाच पाळकाच्या गळ्यात पडलेल्या अनेक मंडळ्या, सगळं स्वच्छ लिहिलंत, आणि तरीही हेच एक ठिकाण या लोकांच्या हक्काचं आहे, हेही तितक्याच ठासून लिहिलंत. मग पुढल्याच वर्षी हॉवर्ड विद्यापीठात धर्मशिक्षण विभागाचे डीन म्हणून रुजू झालात आणि १९४० पर्यंत तिथे पाळक शिकवलेत. आमच्या मंडळ्यांचं चित्र काय वेगळं आहे? आवाज खणखणीत, गाणं बरं, की झाला प्रचारक. रविवारी चार गावांत चार उपासना घ्यायच्या म्हटल्यावर त्यानं वाचावं कधी? तरुण पाळकानं एका संदेशासाठी आठवडाभर तयारी केली पाहिजे, असा आग्रह मी धरला की लोक मला कडक म्हणतात. म्हणू देत. वाचनाविना नुसत्या भावनेवर लोकांना रडवणं तुम्हाला कधीच पटलं नाही, आणि मलाही पटत नाही.

हा आग्रह कुठून आला ते तुमच्या लहानपणाकडे पाहिलं की कळतं. आईबाप गुलामीत जन्मलेले, दक्षिण कॅरोलायनातली कापसाची शेती, वर्षातून जेमतेम चार महिने शाळा. १८९८च्या दंगलीत घोड्यांवरून आलेल्या बंदूकधारी गोऱ्या जमावानं तुमच्या वडिलांना टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावलं, तेव्हा तुम्ही चार वर्षांचे होता. ती तुमची सगळ्यांत जुनी आठवण. बारावीपर्यंतचं शिक्षण संपलं तेव्हा तुम्ही बाविशीत होता. पुढे बेट्स कॉलेज, मग शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट. मधल्या काळात अटलांटाच्या शिलोह बॅप्टिस्ट चर्चची पाळकी केलीत, मोअरहाउसला गणित शिकवलंत आणि वादविवादाचा संघ तयार केलात. त्या संघात हॉवर्ड थर्मन होते, जे पुढे थोर उपदेशक झाले आणि १९३६ साली बारडोलीला गांधीजींना भेटले.

आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तुम्ही आमच्या वर्ध्याला आलात.

इथल्या किती लोकांना हे माहीत आहे? सेवाग्राम आश्रमात आलेल्यांची नावं सांगताना तुमचं नाव निघत नाही. तेव्हा ते गाव शेगाव होतं, सेवाग्राम नाव १९४० साली पडलं. म्हैसूरला वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या जागतिक परिषदेला जाताना तुम्ही गांधीजींची वेळ घेतलीत आणि दीड तास बोललात. अहिंसेबद्दल विचारलंत, आणि अस्पृश्यतेवर तुटून पडणारा माणूस जातीवर तसा का तुटून पडत नाही, हेही विचारलंत. त्याच वर्षी बाबासाहेबांनी जात मोडून काढण्याविषयी लाहोरसाठी लिहिलेलं आणि तिथे होऊ न शकलेलं भाषण छापून काढलं होतं. म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेल्या पाहुण्यानं तोच सल नेमका हेरला. आमचं घराणं महारवाड्यातून ख्रिस्ती झालेलं. माझ्या आजोबांच्या मनातला प्रश्न तुम्ही गांधीजींसमोर बसून विचारलात, याचं मोल मी शब्दांत सांगू शकत नाही.

अहिंसा माणसांना, समाजाला शिकवायची कशी, असंही तुम्ही विचारलंत. गांधीजी म्हणाले, त्याला राजमार्ग नाही. ते तत्त्व जगावं लागतं, आयुष्यच जिवंत प्रवचन व्हावं लागतं. तरुण उपदेशकांना मी आश्रमात नेतो तेव्हा आदि निवासाच्या ओसरीत बसवून हा प्रश्न आणि हे उत्तर वाचून दाखवतो. तिथे बसून ऐकलं की पोरं लिहून घेतात.

म्हैसूरची परिषद आटोपल्यावर तुम्ही अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत बोलायला गेलात. मुख्याध्यापकांनी मुलांना तुमची ओळख करून दिली: हे अमेरिकेतले अस्पृश्य, आणि बघा कुठवर पोचले. तुम्ही पुढे प्रांजळपणे लिहिलंत की क्षणभर तुम्हाला धक्का बसला, थोडा रागही आला, आणि लगेच उमगलं की मास्तर खरं बोलले. एवढ्या विद्वान माणसानं तो राग झाकून ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. तुम्ही तो लिहिलात, आणि त्या मुलांशी नातंही कबूल केलंत. मी हा प्रसंग मंडळीत सांगितला त्या रविवारी एक वयस्क बाई, ज्या कधी बोलत नाहीत, उपासनेनंतर थांबल्या. म्हणाल्या, "त्या शाळेतल्या पोरांना त्या दिवशी जेवण गेलं नसेल आनंदानं."

तुमच्यात आणि किंगांमध्ये एक बोली झालेली होती: जो मागे राहील त्यानं दुसऱ्याच्या अंत्यविधीला बोलायचं. वयाचा हिशेब पाहता ते काम किंगांकडे यायचं. ९ एप्रिल १९६८ रोजी ते तुमच्याकडे आलं. एबेनेझरमधली प्रार्थना झाली, खेचरांच्या गाड्यावरून शवपेटी मोअरहाउसच्या आवारात आली, आणि ७३ वर्षांचे तुम्ही हजारो लोकांसमोर उघड्यावर उभे राहून बोललात. आमोस आणि मीखा हे त्यांच्या काळातले संदेष्टे, तसा हा आमच्या काळातला, असं म्हणालात. या खुनात अमेरिकन समाजाचाही वाटा आहे, हे त्या दुःखाच्या घडीलाही गिळून टाकलं नाहीत. पोटच्या पोरासारख्या शिष्याला माती देताना इतकं सरळ बोलता येण्यासाठी किती बळ लागत असेल! मी तरुण पाळकांना मयतीच्या प्रसंगी बोलायला शिकवतो तेव्हा तुमचं तेच भाषण समोर ठेवतो.

त्यानंतर तुम्ही घरी बसाल असं कुणालाही वाटलं असतं. अध्यक्षपद आदल्याच वर्षी सोडलेलं. पुढच्या वर्षी पत्नी सेडी गेल्या. तुम्ही अटलांटाच्या शाळा मंडळाची निवडणूक लढवलीत, जिंकलीत, १९७० साली मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झालात आणि १९८१ पर्यंत ते काम ओढलंत. म्हणजे पंचाहत्तरीपासून पुढे जवळपास सत्त्याऐंशीपर्यंत!

माझी निवृत्ती आता जवळ आलीय. मंडळी निरोपाचा कार्यक्रम करणार आहे, मुलगा म्हणतो पुण्याला राहायला या. पण तरुण उपदेशकांचा आमचा आठवड्याचा वर्ग आहे. त्यातला एक जण नुकता कुठे वाचायला लागलाय, आणि एक मुलगी फार ताकदीचे प्रश्न विचारते. तिला व्यासपीठावर उभं करायला काही पंचांची अजून तयारी नाही. म्हणून मी पंचांना लेखी कळवलंय की निवृत्तीनंतरही मी वर्ध्यातच राहीन, वर्ग चालू राहील, आणि ख्रिस्तजन्माच्या आदल्या रविवारचा संदेश त्या मुलीनं द्यावा अशी माझी शिफारस आहे. हे पत्र त्या अर्जाला जोडतोय.

आपला कृतज्ञ,
एक पाळक, वर्धा