एक्मो निघाल्यावर उरलेलं भोक

संपादक साहेब, नमस्कार. एक्मोवर, म्हणजे हृदय-फुफ्फुसांचं काम शरीराबाहेरून करणाऱ्या मशीनवर, पेशंट वाचला अशा बातम्या तुम्ही छापता, छानच, पण मशीन काढल्यावर जांघेतल्या धमनीला पडलेलं भोक कसं बुजवतात ते कुणी लिहितच नाही. मशीनची धमनीत घातलेली नळी ५-६ मिलिमीटर जाड असते हो, अँजिओग्राफीची जेमतेम दोन-अडीच, त्यामुळे नुसतं दाबून भागत नाही, एकतर सर्जन चीर देऊन धमनी शिवतो नाहीतर कातडीतूनच टाक्याचं किंवा कोलेजनच्या बुचाचं डिव्हाइस वापरतात. शिरेतल्या नळीच्या भोकाचं सोपं, तिथे बहुतेकदा टाका आणि दाब पुरतो. माझ्या मेव्हण्याचा पाय दुसऱ्या दिवशी गार पडला, बघितलं तर धमनीत गुठळी, परत ऑपरेशन थिएटरमध्ये. पायाची नाडी बघत राहा, डॉपलरचं (रक्त वाहतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी) विचारा, एवढं तरी आम्हाला आधी कुणी सांगायला नको?

– एक वाचक, सातारा